पावसाळ्यातले गवत, उन्हाळ्यातला चारा

प्रस्तावना

बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या वाटेवर किंवा कोंडेश्वर-भोजच्या अंगाला भाद्रपदात कमरेच्या वर गवत उभे असते. त्यातले बरेचसे माघ-फाल्गुनात वणव्यात जाते. मधल्या काळात त्याच तालुक्यातला म्हशीवाला घाटावरून ट्रकने आलेला चारा रोख पैसे मोजून घेतो. ही पुस्तिका का लिहावी लागली, ते एवढ्यावरून कळावे.

ज्याच्यासाठी ती लिहिली आहे तो माणूस डोळ्यांसमोर आहे. तो पदवीधर असेल किंवा दहावीनंतर वर्कशॉपमध्ये लागलेला असेल. त्याच्याकडे ट्रॅक्टर असेल, किंवा भावाचा टेम्पो. त्याला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पट्ट्यात गवताच्या मुरघासाच्या गाठी करून देण्याचा व्यवसाय उभा करायचा आहे. शेतकऱ्याचे गवत त्याच्याच बांधावर कापायचे, कुट्टी करायची, दाबून गाठ बांधायची, वर प्लास्टिक गुंडाळायचे आणि गाठीमागे किंवा किलोमागे मजुरी घ्यायची. ज्याच्याकडे गवत नाही, त्याला तयार गाठ विकायची. फलटण, बारामती, संगमनेर या भागांत मक्याच्या मुरघासाचा असा धंदा चांगला बसला आहे. आपल्याकडे मका नाही. गवत आहे, भाताचा पेंढा आहे आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आहे. घाटावरची रीत जशीच्या तशी इकडे चालत नाही, म्हणून वेगळ्या पुस्तिकेची गरज होती.

गवताचा व्यापार या भागाला नवा नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला आली आणि १८५६ मध्ये बदलापूर, नेरळवरून खोपोलीला पोहोचली. तिकडे मुंबईत घोडे वाढत होते. १८७४ ते १९०५ पर्यंत शहरातल्या ट्रामसुद्धा घोडेच ओढत. व्हिक्टोरियांचे घोडे, लष्कराचे घोडे, बैलगाड्यांचे बैल आणि तबेल्यांतल्या म्हशी या सगळ्यांना रोज चारा लागे आणि मुंबई बेटावर तो पिकत नव्हता. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या माळांवरून आणि वरकस जमिनींतून जाई. डोंगरउताराला विळ्याने कापलेले गवत वाळवून भारे बांधायचे, उडवी रचायची, मग ते प्रेसमध्ये दाबून गाठी करायच्या आणि वखारीत किंवा वॅगनमध्ये भरायच्या, अशी ती साखळी होती. दाबायचे कारण साधे होते. सुटे गवत वजनाने हलके पण जागा फार खाणारे, आणि वाहतुकीचे भाडे जागेवर ठरते. आजच्या मुरघासाच्या गाठीचे अर्धे गणितही हेच आहे.

पुढे ट्रामचे घोडे गेले, व्हिक्टोरिया कमी झाल्या. म्हशी मात्र राहिल्या. १९४९ मध्ये दारा खुरोडींच्या पुढाकाराने आरे दूध वसाहत उभी राहू लागली, शहरातल्या हजारो म्हशी तिथे हलल्या आणि त्यांच्यासाठी पॅरा गवताची शेती झाली. पण सगळे तबेले आरेत मावले नाहीत. शहर जसे सरकत गेले तसे तेही कल्याण, भिवंडी, उल्हासनगरच्या कडेकडेने सरकत आले. म्हणजे ज्या गवताला एकेकाळी गिऱ्हाईक मुंबईत शोधावे लागे, त्याचे गिऱ्हाईक आज दहा-पंधरा किलोमीटरवर बसले आहे. मागच्या दोन पिढ्यांत गवतवाला आणि तबेलेवाला यांच्यातला दुवा तुटला, एवढेच.

तो का तुटला, याचे एक कारण चाऱ्याच्या प्रतीत आहे आणि माझ्या मते तेच मुख्य आहे.

आपल्या माळांवर मारवेल, शेडा, पवन्या, डोंगरी अशी चांगली गवते आहेत, आणि कुसळीही आहे. ही गवते साधारण भाद्रपदात फुलोऱ्याला येतात. तेव्हा पाने कोवळी असतात, ताटात रस असतो आणि सुक्या वजनाच्या सहा-सात टक्के तरी प्रथिने मिळतात. कापायची खरी वेळ ती. पण त्या वेळी वाळवायचे कसे? पूर्वा आणि उत्तरा नक्षत्रांचा पाऊस डोक्यावर असतो, हस्ताचा यायचा असतो. कापून पसरलेले गवत दोन दिवसांत काळे पडते, चिकट होते, त्याला बुरशी धरते. म्हणून शेतकरी थांबतो. हस्त सरतो, दसरा होतो, दिवाळीच्या सुमारास ऊन तापते आणि मग विळे चालतात. तोवर बी झडलेले असते, ताट काडी झालेले असते, प्रथिने दोन-तीन टक्क्यांवर आलेली असतात. कुसळीची कुसळे तर जनावराच्या हिरड्यांत रुततात. वाळवण्यासाठी थांबायचे आणि थांबण्यात कस घालवायचा, हे कोकणातल्या गवताचे जुने दुखणे आहे. घोड्याला किंवा ओढकामाच्या बैलाला तसला चारा चालून जाई. दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या मुऱ्हा म्हशीला तो नुसता पोट भरायला होतो. तबेलेवाल्याने स्थानिक गवत सोडून दिले यात त्याचे काही चुकले, असे मला वाटत नाही.

मुरघास या दुखण्यावर उपाय आहे, कारण त्याला पूर्ण वाळवण लागत नाही. अर्ध्या-एका दिवसाची उघडीप मिळाली, गवत कापून थोडे कोमेजले, की काम सुरू करता येते. हवा काढून घट्ट दाबलेल्या हिरव्या चाऱ्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साखरेवर वाढतात, आम्लता वाढते, सामू चार-साडेचारपर्यंत उतरतो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना तिथे जगता येत नाही. सहा-सात आठवड्यांत मुरघास तयार होतो आणि हवा आत गेली नाही तर वर्षभर टिकतो. फुलोऱ्यातला कस चैत्र-वैशाखापर्यंत पोहोचवायचा हा मार्ग आहे.

फिनलंडच्या आर्तुरी इल्मारी विर्तानेन या रसायनशास्त्रज्ञाला १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात ओला चारा आम्ल घालून टिकवण्याच्या त्याच्या पद्धतीचा खास उल्लेख आहे. त्याच्या देशातही अडचण आपल्यासारखीच होती. गवत ऐन कसात असताना ऊन भरवशाचे नाही. फरक हवामानाचा आहे. तिकडे थंडी मुरघासाला सांभाळून घेते. आपल्याकडे उघडलेली गाठ उकाड्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गरम होऊ लागते. म्हणूनच या पुस्तिकेत मोठ्या पाचशे-सहाशे किलोंच्या गाठींपेक्षा पन्नास ते शंभर किलोंच्या गाठींचा आग्रह धरला आहे. चार-पाच जनावरांच्या गोठ्यात ती एक-दोन दिवसांत संपते आणि दोन माणसांना उचलता येते.

गवताचा मुरघास मक्याच्या मुरघासाइतका सोपा नाही, हे पहिल्या पानावरच सांगितले पाहिजे. मक्याच्या ताटात आणि दाण्यात आंबण्यापुरती साखर मुबलक असते. आपल्या डोंगरी गवतांत ती कमी. शिवाय ताटे पोकळ आणि राठ, दाबली तरी आत हवा धरून ठेवतात. त्यामुळे तीन गोष्टींना पर्याय नाही. कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची हवी. शंभर किलो चाऱ्याला दोन-तीन किलो गूळ किंवा मळी पाण्यात कालवून शिंपडायला हवी, जमल्यास जिवाणूंचे कल्चरही. आणि ओल बेताची हवी. बांधावर संकरित नेपियर असेल, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत किंवा तमिळनाडूचा को-४, तर तो मिसळल्याने गाठीची प्रत लगेच सुधारते. ज्याला हा धंदा पाच-दहा वर्षे करायचा आहे त्याने नुसत्या रानगवतावर विसंबू नये, हे माझे ठाम मत आहे.

ओल पाहण्याची जी रीत पुढे दिली आहे तिला यंत्र लागत नाही. कुट्टीची एक मूठ घ्यायची आणि अर्धा मिनिट घट्ट आवळून धरायची. मूठ उघडल्यावर बोटांतून पाणी ठिबकले आणि गोळा तसाच राहिला, तर चारा फार ओला आहे. त्याची गाठ केली तर आतून काळपट रस गळेल, आंबूस वासाच्या जागी उग्र, कुजकट वास येईल आणि म्हैस तोंड लावणार नाही. मूठ उघडताच कुट्टी भुरभुरून पडली, तर चारा फार सुकला आहे, त्यात हवा राहील आणि बुरशी धरेल. तळहात नुसता ओलसर झाला आणि गोळा सावकाश, स्वतःहून सुटत गेला, की मशीन सुरू करावे. तेव्हा चाऱ्यात तीस टक्क्यांच्या आसपास शुष्क भाग असतो. भाद्रपदात हा क्षण दिवसातून एकदाच येतो, बहुतेक दुपारी दोन-अडीचनंतर, आणि पाचला पुन्हा भरून आले की हातचा जातो. म्हणून मशीनवाल्याने सकाळी शेतावर पोहोचून कापणी उरकलेली असली पाहिजे. बेलरचा पट्टा तुटला, दोरा संपला, डिझेल आणायला कोणी गेले, असे त्या तीन तासांत होता कामा नये.

यंत्रांच्या बाबतीत या तिन्ही गावांची सोय चांगली आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत बेअरिंग बदलण्यापासून नवा शाफ्ट घडवण्यापर्यंत सगळे होते. उल्हासनगरात वेल्डिंगवाले आणि प्लास्टिकचे व्यापारी आहेत. गवत बदलापूरच्या पलीकडे आणि मुरबाडच्या बाजूला. उताराच्या माळावर ट्रॅक्टरमागचे बेलर चढत नाही, तो हट्ट धरू नये. गवत विळ्याने किंवा ब्रश कटरने कापून खाली रस्त्याच्या कडेला आणायचे आणि बेलर एका जागी उभे ठेवून चालवायचे. भांडवलासाठी राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ मध्ये सुधारलेली योजना आहे. तीत मुरघास आणि चाऱ्याच्या उद्योगाला खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपये अनुदान मिळू शकते. पण अनुदानाच्या आकड्याकडे पाहून मशीन घेऊ नका. आधी गवत कुठे आहे आणि ते कोणाचे आहे, ते पाहा.

गवत कोणाचे, हा इथे फार नाजूक प्रश्न आहे. काही वरकस जमीन शेतकऱ्याची स्वतःची असते. पुष्कळशी आता मुंबई-ठाण्याच्या लोकांनी घेऊन कुंपण घातलेले प्लॉट आहेत. तिथे मालक येत नाही, गवत वाढते आणि वणव्याला आयते मिळते. अशा मालकाला भेटून लेखी परवानगी घेतली तर तो बहुधा आनंदाने देतो, कारण त्याचे कुंपण आणि झाडे वाचतात. मलंगगड, चंदेरीच्या बाजूचे डोंगर वनखात्याचे आहेत, तिथे परवानगीशिवाय विळा लावू नये. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे गौण वनोपज गोळा करून विकण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. तेव्हा बोलणी ग्रामसभेशी करायची, मधल्या एखाद्या माणसाशी नाही. भाताच्या राबासाठीही गावाला गवत आणि पालापाचोळा लागतो. राबाच्या हक्कावरून ठाण्या-कुलाब्यातल्या शेतकऱ्यांनी सरकारशी भांडण मांडले आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला होता. गावाचा वाटा काढून ठेवल्यावर जे उरते ते आपले, असे धरून चालावे. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी राब न भाजता, चिखलणी न करता भात घेण्याची जी पद्धत रुजवली, ती जिथे पसरेल तिथे चाऱ्याला गवत जास्त उरेल.

कोणते गवत घेऊ नये, यावर एक वेगळे प्रकरण आहे आणि ते कोणी चाळून सोडू नये. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते. कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी तिच्यात किती वर्षे मिसळत आले आहे, हे काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस तिच्यात सोडलेल्या रसायनांमुळे निघालेल्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना दवाखाने गाठावे लागले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. त्या काठांवर उन्हाळ्यातही हिरवेगार गवत दिसते आणि ते फुकट असते. ते कापू नका. गवत जमिनीतले आणि पाण्यातले जड धातू उचलते, मुरवल्याने ते नाहीसे होत नाहीत, आणि दुधाच्या वाटेने ते लहान मुलांपर्यंत जाऊ शकतात. नाल्याकाठचे आणि मोठ्या रस्त्याच्या कडेचे गवत आपण घेत नाही, हे गिऱ्हाइकाला पावतीवर लिहून द्यावे. या भागात तरी चाऱ्यावरचा विश्वास त्यावरच बसेल.

साठवणुकीचे दोन शब्द. प्लास्टिकचा पातळ ताणपट्टा एकावर एक अर्धा चढवत किमान चार, आणि आपल्या उन्हात सहा थर गुंडाळावेत. कावळा, उंदीर, कुंपणाची तार, यांतले कोणीही एक भोक पाडले की तिथून बुरशी सुरू होते. चिकटपट्टी खिशातच असावी. गाठी नदीकाठच्या सपाटीवर रचू नयेत. २६ जुलै २००५ चा पूर इथे कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. तसल्या पाण्यात गुंडाळलेल्या गाठी तरंगून वाहून जातात. उतरलेले प्लास्टिक गिऱ्हाइकाकडून परत घेण्याची तजवीजही दरातच धरावी. नाहीतर ते गोठ्यामागे जळेल किंवा जनावराच्या पोटात जाईल. उल्हासनगरात जुने प्लास्टिक घेणारे आहेत, फक्त ते कोरडे आणि गोळा करून न्यावे लागते.

गिऱ्हाइकांत फरक करायला शिकावे लागेल. तबेलेवाला रोजचा आणि रोखीचा, पण प्रत घसरली की दुसऱ्या दिवशी फोन बंद करणारा. छोटा शेतकरी स्वतःच्या गवताच्या गाठी करून मागेल आणि मजुरीत पेंढा घ्या म्हणेल. ते परवडते, कारण शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात नीट विरघळवून शिंपडला आणि तीन आठवडे झाकून ठेवला, तर त्याचा कस वाढतो. प्रमाण मात्र चुकता कामा नये आणि वासरांना तो घालायचा नाही. माथेरानच्या घोडेवाल्यांना ओला मुरघास विकू नये. घोड्याचे पोट बिघडलेल्या मुरघासाला म्हशीपेक्षा फार नाजूक असते, त्यांच्यासाठी लवकर कापलेले सुके गवतच बरे. नवी गिऱ्हाइके जोडायला पौष पौर्णिमेच्या म्हसाच्या जत्रेसारखी जागा नाही. जनावर विकत घेणारा माणूस तिथे चाऱ्याचाही विचार करत असतो. एक गाठ तिथेच उघडून ठेवावी, आणि आंबूस वास घेऊन म्हैस ती खाते का, हे लोकांना पाहू द्यावे.

विक्री नगावर करू नये. शंभर किलोंच्या दोन गाठी बाहेरून सारख्या दिसतात. एकीत तीस किलो शुष्क चारा असतो आणि दुसरीत वीस. दुसरी घेणारा दहा किलो जास्त पाण्याचे पैसे देतो. पाचशे किलोंच्या दुभत्या म्हशीला दिवसाला बारा-पंधरा किलो शुष्क चारा आणि खुराक मिळून लागतो, तेव्हा हा फरक तिच्या दुधात लगेच दिसतो. गाठीवर वजन, गवताचा प्रकार, कापल्याची तारीख आणि मुठीच्या परीक्षेचा निकाल लिहिलेली चिठ्ठी लावावी.

शेवटी मजुरीचे. विर्तानेनला नोबेल मिळाले त्याच १९४५ साली आपल्या जिल्ह्यातही गवतावरून मोठी घटना घडली. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. पावसाळा सरता-सरता डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांनी गवत कापणे बंद केले. मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपयांची. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. मुंबईला जाणाऱ्या गवताच्या गाठीत सर्वांत स्वस्त वस्तू कापणाऱ्याचे श्रम होते, हे त्या संपाने सर्वांसमोर आणले.

आजही बदलापूर-मुरबाडच्या डोंगरउतारावर गवत कापणारे हात ठाकूर आणि कातकरी कुटुंबांचेच असणार आहेत. दिवाळीनंतर त्यांतली पुष्कळ घरे वीटभट्टीवर जातात. मुरघासाची कापणी भाद्रपद-आश्विनात, त्याआधी येते, आणि ती गावातच मिळते. ओल्या गवताचा भारा सुक्यापेक्षा दुप्पट-तिप्पट जड असतो, म्हणून सुक्या गवताचा जुना दर इथे लावणे अन्यायाचे आहे. या पुस्तिकेच्या शेवटी दरपत्रकाचा नमुना दिला आहे. त्यात पहिली ओळ कापणाऱ्याच्या मजुरीची आहे, काट्यावरच्या ओल्या वजनाने आणि त्याच संध्याकाळी द्यायची. प्लास्टिक, डिझेल, गूळ आणि मशीनचा हप्ता त्याखाली येतात. पुढच्या दोन रकान्यांत आपापले आकडे वाचकाने स्वतः भरायचे आहेत.